शिकागोचा सरोवरकाठ आणि ‘बाइक द ड्राइव्ह’: एक प्रकरण अभ्यास

शिकागो शहराच्या पूर्वेला मिशिगन सरोवर आहे आणि त्याच्या काठाने लेक शोअर ड्राइव्ह हा रुंद, भरधाव वाहतुकीचा रस्ता उत्तर-दक्षिण धावतो. एरवी या रस्त्याच्या गजबजलेल्या भागांत दिवसाला लाखाहून अधिक मोटारी जातात आणि सायकलला तेथे मज्जाव असतो. २००२ सालापासून मात्र वर्षातल्या एका रविवारी, पहाटेपासून काही तास, हा रस्ता मोटारींना बंद करून सायकलस्वारांच्या हवाली केला जातो. ‘बाइक द ड्राइव्ह’ या नावाने ओळखली जाणारी ही फेरी ‘ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्टेशन अलायन्स’ ही संस्था भरवते. सुरुवातीची अनेक वर्षे ती मे महिन्याच्या अखेरीस होत असे, आता ती सप्टेंबरच्या सुरुवातीच्या आसपास होते. शहराच्या मध्यभागातील ग्रँट पार्कजवळून निघून उत्तरेला ब्रिन मॉर अव्हेन्यूपर्यंत आणि दक्षिणेला ५७व्या रस्त्यापर्यंत जाऊन परत येण्याचा हा मार्ग एकूण सुमारे ३० मैलांचा, म्हणजे ४८ किलोमीटरच्या आसपास आहे.

ही शर्यत नाही. लहान मुले, वयस्क जोडपी, तीनचाकी सायकली, मुलांना बसवून ओढायच्या गाड्या असे सगळेच तिच्यात असते, आणि बहुतेकांच्या मनात हेतू इतकाच असतो की जो रस्ता आपण फक्त काचेआडून पाहतो तो एकदा आपल्या पायांच्या जोरावर पार करावा. तरीही या फेरीकडे नगररचनेच्या अंगाने पाहिले, तर तिचा मार्ग हाच एक दस्तऐवज ठरतो. वास्तुरचनाकार डॅनियल बर्नहॅम आणि एडवर्ड बेनेट यांच्या १९०९ सालच्या शिकागो आराखड्यातील सरोवरकाठाच्या कल्पनेचा जो भाग प्रत्यक्षात उतरला, त्याच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यावरून ही फेरी जाते. अर्थातच जो भाग उतरला नाही तो तिच्या मार्गाबाहेर राहतो. किनारा मोकळा राहिला याचे श्रेय त्या आराखड्याला देण्याची शहरात रीत आहे. हे श्रेय कितपत योग्य आहे आणि फेरीचा मार्ग त्याबद्दल काय दाखवतो व काय झाकतो, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे.

चाकाखालची जमीन

मध्य शिकागोत सायकलस्वार ज्या जमिनीवरून जातात ती दोनशे वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हती. मिशिगन अव्हेन्यूला लागूनच पाणी होते. १८३६ साली इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या आयुक्तांनी विक्रीसाठी भूखंडांचा नकाशा तयार केला, तेव्हा त्या रस्त्याच्या पूर्वेच्या चिंचोळ्या पट्टीवर त्यांनी एक शेरा लिहून ठेवला. त्याचा आशय असा की ही सार्वजनिक जागा आहे आणि ती कायमची खुली, मोकळी व इमारतींपासून मुक्त राहील. नकाशावरच्या या एका ओळीने पुढे जे काम केले ते भल्याभल्या आराखड्यांना जमले नसते.

पण शेरा लिहिल्याने लाटा थांबत नाहीत. किनारा खचू लागला, मिशिगन अव्हेन्यूवरील घरमालक धास्तावले आणि संरक्षक बांध घालण्याइतका पैसा महापालिकेकडे नव्हता. १८५२ साली इलिनॉय सेंट्रल रेल्वेशी सौदा झाला. रेल्वेने पाण्यात बांध घालावा आणि त्या बदल्यात तिला पाण्यातूनच रूळ टाकण्याची वाट मिळावी, असे ठरले. रेल्वे लाकडी खांबांच्या पुलावरून, काठापासून थोडे अंतर राखून धावू लागली आणि रूळ व रस्ता यांच्यामध्ये एक डबके तयार झाले. १८७१च्या महाआगीनंतर शहराचा जळका राडारोडा याच डबक्यात लोटला गेला. आज तेथे हिरवळ आहे. सायकलस्वार ज्या ग्रँट पार्कजवळ जमतात, त्याच्या पश्चिम कडेच्या हिरवळीखाली त्या आगीतल्या विटा आहेत.

रेल्वेची भूक एवढ्यावर भागली नाही. १८६९ साली इलिनॉयच्या विधिमंडळाने, राज्यपालांचा नकाराधिकार मोडीत काढून, शहरासमोरच्या सरोवराचा हजार एकरांहून मोठा तळ या एका कंपनीला देऊन टाकला. चार वर्षांत, म्हणजे १८७३ साली, विधिमंडळाने स्वतःचाच कायदा रद्द केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला की जलवाहतुकीयोग्य पाण्याखालची जमीन राज्याकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून असते, आणि विश्वस्ताला ती अशी खासगी हाती सोपवून मोकळे होता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त तत्त्वाचा हा पायाभूत निकाल आहे. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या अखेरीस हेच तत्त्व भारतीय कायद्यात मान्य केले, तेव्हा त्या निकालातही शिकागोच्या या खटल्याची चर्चा आहे.

दुसरी लढाई एका दुकानदाराची होती. टपालाने माल विकण्याच्या धंद्यात गबर झालेले ॲरन माँटगोमरी वॉर्ड यांची कचेरी मिशिगन अव्हेन्यूवर, या मोकळ्या जागेच्या समोर होती. तेथे पडलेला कचरा आणि उभी राहिलेली खोपटी पाहून त्यांनी १८९० साली पहिला दावा लावला आणि १८३६च्या त्या शेऱ्याचा आधार घेत पुढची वीस वर्षे ते महापालिकेशी, राज्याशी आणि उद्यान आयुक्तांशी भांडत राहिले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत हे भांडण चार वेळा गेले आणि चारही वेळा वॉर्ड जिंकले. ते शहरातल्या प्रतिष्ठितांत बिलकूल लोकप्रिय नव्हते, कारण ते ज्यांना अडवत होते त्या योजनांत एक भव्य संग्रहालयही होते. दिवंगत व्यापारी मार्शल फील्ड यांनी त्यासाठी ८० लाख डॉलर ठेवले होते आणि वॉर्ड यांच्यामुळे ते ग्रँट पार्कच्या मध्यभागी बांधता येईना.

येथे प्रचलित कथेची पंचाईत होते. संग्रहालय ग्रँट पार्कच्या मध्यभागी असावे हे बर्नहॅम यांच्या १९०९च्या आराखड्यातच होते. उद्यानाचा मध्यबिंदू म्हणून एक स्मारकवजा इमारतसमूह त्यांनी तेथे रेखाटला होता. ज्या हिरव्या मोकळिकीसाठी आज आराखड्याचे गोडवे गायले जातात, ती आराखडा तंतोतंत अमलात आला असता तर त्या ठिकाणी उरली नसती. संग्रहालय अखेर दक्षिणेला, इलिनॉय सेंट्रलकडून मिळालेल्या जागेवर भराव टाकून बांधले गेले आणि १९२१ साली खुले झाले. फेरीतले लोक ग्रँट पार्कमधून दक्षिणेकडे वळल्यावर जी पांढरी, खांबांची इमारत समोर येते ती हीच, फील्ड म्युझियम. तिचे तेथे असणे ही आराखड्याची हार आहे आणि बहुतेकांच्या मते शहराचा फायदा आहे.

आराखड्याचे खरे काम

म्हणून बर्नहॅम यांचे महत्त्व उणे करावे असे नाही. १८९३च्या जागतिक प्रदर्शनाचे बांधकाम पार पाडल्यावर ते १८९६पासून जॅक्सन पार्क ते शहराचा मध्य असा सरोवरकाठचा उद्यानपट्टा सुचवत होते. फेरीच्या दक्षिण टोकाला असलेले म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री हे त्या प्रदर्शनातील कलादालनाच्या इमारतीत आहे, त्यामुळे सायकलस्वार नकळत बर्नहॅम यांच्या कल्पनेच्या उगमापाशी जाऊन वळतात. १९०९चा आराखडा उद्योगपतींच्या ‘कमर्शियल क्लब’ने काढवून घेतला होता. सरोवरकाठ हक्काने लोकांचा आहे, हे त्यातले विधान शिकागोत आजही वारंवार उद्धृत होते. व्यापाऱ्यांच्या क्लबने असे छापावे यामागे निव्वळ परोपकार नव्हता. सुंदर शहरात पैसेवाले राहतात आणि पैसा खर्च करतात, असा त्यांचा हिशेब होता आणि तो आराखड्यात लपवलेलाही नाही.

आराखड्याचे वेगळेपण मला त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्या प्रचारात दिसते. आराखडा राबवण्यासाठी नेमलेल्या शिकागो प्लॅन कमिशनने, चार्ल्स वॅकर यांच्या अध्यक्षतेखाली, तो शाळेतल्या मुलांपर्यंत नेला. वॉल्टर मूडी यांनी लिहिलेले ‘वॅकर्स मॅन्युअल’ हे क्रमिक पुस्तक १९११ साली निघाले आणि आठवीच्या वर्गात ते शिकवले गेले. ही मुले मोठी होऊन मतदार झाली, कर्जरोख्यांच्या प्रस्तावांवर मत द्यायला लागली आणि भरावाची, पुलांची, रुंदीकरणाची कामे त्या मतांवर झाली. शहराचा आराखडा नागरिकशास्त्राचा विषय करण्याची ही युक्ती आणि सायकलवरून आराखडा दाखवण्याची कल्पना यांच्यात थेट नाते आहे. दोन्हींत गृहीत एकच आहे की माणसाला आपल्या शहराचा आकार कळला तर तो त्याची राखण करील.

कायदेशीर वाट मोकळी झाली ती २१ जुलै १९१९च्या सरोवरकाठ अध्यादेशाने. महापालिका, दक्षिण भागातील उद्याने सांभाळणारे साउथ पार्क आयुक्त आणि इलिनॉय सेंट्रल या तिघांत करार झाला, रेल्वेने किनाऱ्यावरील हक्क सोडले आणि दक्षिणेकडचा भराव सुरू झाला. आज बर्नहॅम पार्क म्हणून ओळखला जाणारा लांब पट्टा असा पाण्यातून वर आला. आराखड्यात दक्षिण किनाऱ्यालगत पाण्यात बेटांची मालिका होती. प्रत्यक्षात त्यातले एकच झाले, नॉर्थर्ली आयलंड. तेथे १९३३-३४चे दुसरे जागतिक प्रदर्शन भरले आणि १९४८ साली, उद्यानाच्या जागी, मेग्ज फील्ड हा छोटा विमानतळ आला. तो बंद करून उद्यान करण्याचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. अखेर ३० मार्च २००३च्या रात्री महापौर रिचर्ड एम. डेली यांनी कोणालाही पूर्वसूचना न देता बुलडोझर पाठवून धावपट्टीवर फुल्या खोदून घेतल्या. काही विमाने तेथे उभीच होती. केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने शहराला ३३ हजार डॉलर दंड केला. बर्नहॅम यांच्या नकाशातले ते बेट अशा रीतीने उद्यान झाले, आणि ज्यांना ते उद्यान मनापासून आवडते त्यांनाही त्या रात्रीची पद्धत समर्थनीय वाटेलच असे नाही.

रस्ता

फेरी ज्यावरून जाते त्या रस्त्याविषयी आराखड्याची कल्पना बागेतून जाणाऱ्या, पाण्याकडे बघत रमतगमत जाण्याच्या मार्गाची होती. उत्तर भागात तर १८८०च्या दशकातच पॉटर पामर यांच्यासारख्या धनिकांच्या घरांसमोरून तसा मार्ग होता. मोटारींनी हे चित्र पालटले. १९३७ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हस्ते शिकागो नदीच्या मुखाजवळच्या दुमजली उघडत्या पुलाचे उद्घाटन झाले आणि उत्तरेचा व दक्षिणेचा रस्ता जोडला गेला. या जोडणीत जवळजवळ काटकोनातली दोन वळणे होती. मोटारी तेथे वारंवार धडकत आणि १९८६ साली ती वळणे सरळ करावी लागली. १९५०च्या दशकात रस्ता उत्तरेला हॉलीवूड अव्हेन्यूपर्यंत वाढला. प्रत्येक टप्प्यावर तो अधिक रुंद, अधिक वेगवान आणि ओलांडायला अधिक अवघड होत गेला.

परिणामी ज्या रस्त्याने सरोवर दाखवायचे त्यानेच ते अडवले. दक्षिण भागातल्या वस्तीतून पाण्यापर्यंत जायचे तर आधी रेल्वेचे रूळ आणि मग आठ मार्गिकांचा रस्ता आडवा येतो. ३५व्या रस्त्याजवळचा वळणदार झुलता पादचारी पूल २०१६ साली आणि ४१व्या रस्त्याजवळचा २०१८ साली खुला झाला. म्हणजे आराखड्यानंतर शतक उलटून गेल्यावरही शहर, ज्या उद्यानाचा अभिमान बाळगते, त्याच्याकडे जाण्याचे जिने बांधत होते. रस्त्याची चूक दुरुस्त झाल्याचे एक ठळक उदाहरणही फेरीच्या मार्गावरच आहे. फील्ड म्युझियमच्या दोन्ही अंगांनी पूर्वी मोटारी धावत. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडे जाणाऱ्या मार्गिका पश्चिमेला सरकवल्या गेल्या आणि संग्रहालय, मत्स्यालय व तारांगण यांना जोडणारी हिरवळ मोकळी झाली.

रोजच्या सायकलस्वारासाठी वेगळा, सुमारे १८ मैलांचा लेकफ्रंट ट्रेल आहे. तो १९६३ साली सुरू झाला आणि पुढे इतका गजबजला की २०१८ साली चालणारे व सायकलस्वार यांच्या वाटा वेगळ्या कराव्या लागल्या. नदीच्या मुखाशी मात्र या वाटेवरच्या लोकांना कित्येक वर्षे पदपथावरच्या गर्दीतून आणि मोटारींच्या चौकांतून वाट काढावी लागे. तेथला नेव्ही पिअर फ्लायओव्हर २०१४ साली हाती घेतला गेला आणि २०२१ साली पुरा झाला. सायकलींसाठी अर्ध्या मैलाच्या आसपासचा पूल बांधायला इतकी वर्षे लागतात आणि मोटारींचा रस्ता एका रविवारी पहाटे अडथळे लावून मोकळा होतो, ही तुलना फेरीतल्या कोणाच्याही मनात आल्यावाचून राहत नसावी.

या फेरीला प्रवेशशुल्क आहे. सार्वजनिक रस्त्यावर सायकल चालवण्यासाठी पैसे का मोजावेत, हा आक्षेप रास्त आहे, आणि जो किनारा ‘कायमचा खुला’ असावा असे १८३६ साली लिहिले गेले त्याच्या बाबतीत तर तो अधिकच बोचतो. पैसे सायकल आणि पादचारी यांच्या बाजूने काम करणाऱ्या संस्थेला जातात, हे त्यावरचे उत्तर पुरेसे आहे असे मला वाटत नाही. पण मध्य भागातली मोठी वाहतूक थांबवण्याचा खर्च कोणीतरी उचलायचा असतो, हेही खरे आहे.

लोकांचा म्हणजे कोणाचा

दक्षिणेला जाताना २९व्या रस्त्याजवळ किनाऱ्यालगत एक लहानशी स्मृतिशिळा आहे. भर वेगात जाणाऱ्याला ती दिसणारही नाही. २७ जुलै १९१९ रोजी, म्हणजे सरोवरकाठ अध्यादेश मंजूर झाल्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावर तरंगत पाण्यातली अलिखित वर्णसीमा ओलांडून गेला. काठावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि तो बुडून मेला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला अटक करायला नकार दिला, शहर पेटले आणि त्या दंगलीत ३८ माणसे मेली. भराव टाकून लोकांसाठी किनारा वाढवण्याचा कायदा आणि पाण्याच्या वाटणीवरून झालेला खून एकाच आठवड्यातले आहेत. आराखड्याच्या गौरवकथेत ही तारीख सहसा येत नाही. त्या घटनेच्या स्मरणार्थ शहरात सायकलवरून वेगळ्या फेऱ्या निघालेल्या आहेत, आणि माझ्या मते नगररचनेचा इतिहास सांगू पाहणाऱ्या फेरीने तेथे थांबलेच पाहिजे. २०२१ साली लेक शोअर ड्राइव्हला शहराचे पहिले बिगर-आदिवासी कायमचे रहिवासी, कृष्णवर्णीय व्यापारी जाँ बातिस्त प्वाँ द्यू साब्ल यांचे नाव जोडले गेले, पण फलकावरचे नाव आणि पाण्यापर्यंतची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन टोकांपलीकडे

५७व्या रस्त्याच्या अलीकडे प्रोमॉन्टरी पॉइंट हे १९३७ सालचे भरावाचे टोक पाण्यात शिरलेले आहे. त्याच्या काठाला चुनखडीचे प्रचंड ठोकळे पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले आहेत आणि लोक त्यांवर एखाद्या नदीच्या घाटावर बसावे तसे बसतात. शहराच्या किनाऱ्यावर जागोजाग जुने दगड काढून काँक्रीटच्या पायऱ्या घातल्या गेल्या, परंतु येथील रहिवाशांनी दोन दशकांहून अधिक काळ त्याला विरोध केला आणि २०२३ साली या जागेला शहराच्या वारसास्थळाचा दर्जा मिळाला. हा वाद केवळ देखणेपणाचा नाही. मिशिगन सरोवराची पातळी २०१३ साली नीचांकाला होती आणि २०२०पर्यंत उच्चांकाच्या घरात गेली. भरावाची जमीन टिकवण्याचे काम १८५२ साली होते तसेच आजही शिल्लक आहे.

फेरी येथून मागे वळते. शहराचा सुमारे ३० मैलांचा किनारा जवळपास सगळा सार्वजनिक आहे, उरले आहेत ते चार मैल, असे तेथील उद्यानप्रेमी संघटना सांगत आल्या आहेत. आराखड्याच्या शताब्दीला, २००९ साली, ‘फ्रेंड्स ऑफ द पार्क्स’ने या चार मैलांचाच प्रश्न पुढे मांडला होता. त्यांपैकी निम्मे दक्षिणेला, १९९२ साली बंद पडलेल्या यूएस स्टीलच्या साउथ वर्क्स कारखान्याच्या परिसरात आहेत. तेथे ८७व्या रस्त्याजवळ स्टीलवर्कर्स पार्क झाले आहे आणि लोहखनिज साठवण्याच्या उंच काँक्रीट भिंती त्याच्या कडेला अजून उभ्या आहेत. येथला भरावही बव्हंशी कारखान्याच्या धातुमळीचा, म्हणजे धातू वितळवताना उरणाऱ्या टाकाऊ मालाचा आहे. ज्यांनी शहराच्या उंच इमारतींचे पोलाद ओतले, त्यांच्या वस्त्यांना पाणी दिसायला आराखड्यानंतर शंभर वर्षे लागली.

उरलेले मैल उत्तरेला, ब्रिन मॉरच्या पलीकडे एजवॉटर आणि रॉजर्स पार्कमध्ये आहेत, आणि तेथली गोष्ट उलटी आहे. रॉजर्स पार्कमध्ये गल्ल्यांच्या टोकाला छोट्या चौपाट्या आहेत, घरांतून उतरून चालत पाण्यात जाता येते. किनाऱ्यावर भराव टाकून सलग उद्यान करण्याची कल्पना निघाली की तेथले अनेक रहिवासी विरोधात उभे राहतात. उद्यानाला त्यांचा आक्षेप नसतो. उद्यानामागोमाग लेक शोअर ड्राइव्ह येईल, ही धास्ती असते, आणि हॉलीवूड अव्हेन्यूपर्यंतचा रस्त्याचा इतिहास पाहता ती अनाठायी नाही.

म्हणून पुढील आयोजकांसाठी एक सूचना करता येईल. ड्राइव्हवरील फेरी आहे तशीच ठेवावी, पण दोन्ही टोकांना इच्छुकांसाठी सावकाश जाणारा जोडमार्ग असावा. उत्तरेचा जोडमार्ग हॉलीवूडपासून गल्लीबोळांतून चौपाट्यांना स्पर्श करत शहराच्या हद्दीपर्यंत आणि दक्षिणेचा साउथ शोअरमार्गे ८७व्या रस्त्याजवळच्या भिंतींपर्यंत नेता येईल. दक्षिणेच्या मार्गात काही अंतर भर वाहतुकीच्या रस्त्यावरून जाईल, तेव्हा तेथे स्वयंसेवक आणि पोलीस बंदोबस्त लागेल. उत्तरेला वाहतूक कमी असली तरी गटाचा आकार लहान ठेवावा लागेल, कारण त्या गल्ल्यांच्या टोकांना शेकडो सायकली उभ्या करण्याइतकी जागा नाही.